फ्रेंचचा पूर्ण भूतकाळ मराठीतून शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शिक्षणविषयक पानावर अकरावीला दुसरी भाषा म्हणून फ्रेंच घेणाऱ्या मुलांविषयी एक लेख आला होता. व्याकरणाचे तक्ते घोटून पाठ केले की फ्रेंचमध्ये पैकीच्या पैकी गुण मिळतात, असा त्याचा एकंदर सूर होता. नमुन्यादाखल एक प्रश्नही दिला होता: ‘पार्ले’, म्हणजे बोलणे, या नियमित क्रियापदाची प्ल्युस-क-पार्फे या काळातली रूपे लिहा. डोंबिवलीत मी बरीच वर्षे अकरावी-बारावीच्या मुलांना फ्रेंच शिकवते, संध्याकाळी घरीही शिकवणीला मुले येतात. हा काळ माझ्या विशेष जिव्हाळ्याचा आहे, म्हणून राहवले नाही. तो प्रश्न पूर्णपणे बरोबर सोडवणाऱ्या मुलाला हा काळ कधी वापरायचा हे माहीत असेलच असे नाही. बहुतेकदा नसतेच. आणि ते त्याला समजावून सांगायला सगळ्यात जवळची भाषा त्याच्या तोंडात असताना आपण ती वर्गाबाहेर ठेवतो, हे मला अनेक दिवस खुपते आहे.

ज्यांचा फ्रेंचशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी आधी हा काळ काय आहे ते सांगते. भूतकाळातल्या एका घटनेच्याही आधी जे घडून गेलेले असते ते सांगायला फ्रेंच लोक प्ल्युस-क-पार्फे वापरतात. आपण शाळेत ज्याला पूर्ण भूतकाळ म्हणतो त्याचा हा भाऊबंद. रूप दोन तुकड्यांचे असते. पहिला तुकडा सहायक क्रियापदाचा, ‘आव्ह्वार’ (जवळ असणे) किंवा ‘एत्र’ (असणे) यांपैकी एकाचा, आणि तो अँपार्फे, म्हणजे अपूर्ण भूतकाळ, या काळात चालवायचा. दुसरा तुकडा मुख्य क्रियापदाच्या भूतकाळवाचक धातुसाधिताचा, ज्याला पार्तिसिप पासे म्हणतात. नियमित क्रियापदांचे तीन गट आहेत. ज्यांच्या शेवटी ई-आर येते त्यांचा गट सर्वांत मोठा, त्यांचे धातुसाधित वर तिरकी रेघ असलेल्या ई ने संपते. आय-आर वाल्यांचे आय ने, ‘फिनिर’चे ‘फिनी’. आर-ई वाल्यांचे यू ने, ‘आताँद्र’चे ‘आताँद्यू’. एवढेच. फ्रेंचमधल्या इतर काही काळांच्या मानाने हा काळ बनवायला फार सोपा आहे, कारण सहायक क्रियापद एकदा चालवता आले की पुढचा तुकडा बसवून द्यायचा असतो.

आता ‘पार्ले’ चालवून दाखवते. झाव्हे पार्ले, मी बोललो होतो. त्यू आव्हे पार्ले, तू बोलला होतास. इलाव्हे पार्ले, तो बोलला होता. नूझाव्हियों पार्ले, आपण बोललो होतो. व्हूझाव्हिए पार्ले, तुम्ही बोलला होतात. इलझाव्हे पार्ले, ते बोलले होते. मोठ्याने म्हणून पाहा. सहापैकी चार जागी सहायक क्रियापदाचा उच्चार एकच, ‘आव्हे’. लिहिताना मात्र ‘मी’ आणि ‘तू’ला शेवटी एस, ‘तो’ आणि ‘ती’ला टी, आणि ‘ते’ला ई-एन-टी. ‘तो बोलला होता’ आणि ‘ते बोलले होते’ यांत कानाला जाणवणारा फरक फक्त त्या मधल्या ‘झ’चा, कारण ‘ते’ या सर्वनामाच्या शेवटचा एरवी मुका असणारा एस पुढे स्वर आला की ‘झ’ होऊन बोलू लागतो. हा ‘झ’ मी मुलांकडून पुन्हा पुन्हा म्हणवून घेते. तो कानात बसला की लिहिताना ई-एन-टी आपोआप येते.

दुसरी जागा घसरायची म्हणजे ‘पार्ले’ स्वतः. मूळ क्रियापद आणि त्याचे धातुसाधित यांचा उच्चार अगदी सारखा, म्हणून मुले झाव्हे लिहून पुढे ई-आर वाले मूळ क्रियापदच ठेवून देतात. ही चूक फ्रान्समधली मुलेही सर्रास करतात आणि तिथल्या शिक्षकांनी तिच्यावर एक छान उपाय काढला आहे. अडले की ‘पार्ले’च्या जागी तिसऱ्या गटातले एखादे क्रियापद घालून पाहायचे, उदाहरणार्थ ‘व्हाँद्र’, म्हणजे विकणे. ‘झाव्हे व्हाँद्यू’ कानाला बरोबर लागते, ‘झाव्हे व्हाँद्र’ लागत नाही. म्हणजे इथे धातुसाधित हवे, ई-आर नको. माझ्या विद्यार्थ्यांच्या वह्यांच्या समासात ‘व्हाँद्यू?’ असे बारीक अक्षरात लिहिलेले असते ते याचसाठी.

हे सगळे पाठांतराने जमते, नाही असे मी म्हणत नाही. पण यापुढे काय? बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शकांत प्रत्येक रूपासमोर इंग्रजी ‘हॅड स्पोकन’ छापलेले असते. सहाही रूपांसमोर तेच. मराठी माध्यमातून आलेला मुलगा आधी इंग्रजीतल्या त्या ‘हॅड’चा अर्थ लावतो, मग त्यावरून फ्रेंचचा. अनेक पालक मला विचारतात, ‘मॅडम, आमचा मुलगा मराठी माध्यमातला, त्याला फ्रेंच झेपेल का?’ मी त्यांना सांगते, या एका काळापुरते बोलायचे तर त्याच्या डोक्यात जी तयारी आहे ती इंग्रजीने देता येणारच नाही. कर्तरी आणि कर्मणी प्रयोग त्याने शाळेत शिकले आहेत. शिकण्याआधी तो ते जन्मापासून बोलत आला आहे.

कसे ते पाहा. फ्रेंचमध्ये बहुतेक क्रियापदे ‘आव्ह्वार’ घेतात, पण येणे, जाणे, पोचणे, निघणे, आत येणे, बाहेर पडणे, चढणे, उतरणे, पडणे, राहणे, जन्मणे, मरणे अशी मोजकी क्रियापदे ‘एत्र’ घेतात. शिकवताना फळ्यावर एक घर काढायची जुनी पद्धत आहे, ‘एत्रचे घर’. माझ्या घराला एक दार असते, दारात ‘आरिव्हे’ (पोचणे) आणि ‘आँत्रे’ (आत येणे). जिन्यावर वर जाणाऱ्या बाणाशी ‘मोंते’, खाली येणाऱ्या बाणाशी ‘देसाँद्र’. वरच्या खोलीत ‘रेस्ते’ (राहणे), खिडकीतून खाली कोसळणारा माणूस ‘तोंबे’. पाळणा आणि तिरडीही असते, कारण जन्म-मृत्यूही याच घरातले. मुलांना तिरडी काढायला फार आवडते. या घरातल्या क्रियापदांचे वैशिष्ट्य असे की त्यांचे धातुसाधित कर्त्याप्रमाणे बदलते. तो पोचला होता तर साधा ई, ती पोचली होती तर आणखी एक ई, ते पोचले होते तर एस, त्या पोचल्या होत्या तर ई आणि एस दोन्ही. इंग्रजीत या सगळ्यांना एकच ‘हॅड अराइव्ह्ड’. मराठीत? पोचला होता, पोचली होती, पोचले होते, पोचल्या होत्या. चारही वेगळी, आणि चारही कानाला वेगळी ऐकू येतात.

इथेच मराठी मुलाचे पारडे जड आहे. नियमित क्रियापदांत हे जादा ई आणि एस फ्रेंचमध्ये मुके असतात. पोचला, पोचली, पोचले, पोचल्या, सगळ्यांचा उच्चार ‘आरिव्हे’. फ्रेंच मुलाला ते कानाने कळतच नाही, त्याला नियम आठवून लिहावे लागते. आपल्या मुलाने मनात आधी मराठी वाक्य म्हटले तर त्याला ‘ली’ ऐकू येते आणि हात आपसूक ई लिहितो. मी श्रुतलेखन घेते तेव्हा फ्रेंच वाक्य दोनदा म्हणते आणि मुलांना सांगते, पेन उचलायच्या आधी हेच मराठीत मनात म्हणा. एका मुलीला ही सवय लागली आणि तिच्या श्रुतलेखनातले ई चुकायचे थांबले. ती आधी इंग्रजीतून जायची.

एत्रच्या घरातल्या चढण्या-उतरण्यावर जरा थांबते, कारण ती मला सगळ्यात सुंदर जागा वाटते. ‘मोंते’ आणि ‘देसाँद्र’ ही एत्रवाली क्रियापदे, पण त्यांना कर्म मिळाले की ती घर सोडतात आणि आव्ह्वार घेतात. ‘एलेते मोंते’, पण ‘एलाव्हे मोंते ला व्हालीझ’. बाजारातली पुस्तके याला अपवाद म्हणून चौकटीत टाकतात आणि मुले चौकट पाठ करतात. मराठीत म्हणून पाहा: ती जिना चढून वर गेली, म्हणजे ती चढली होती. आणि तिने बॅग वर चढवली होती. चढणे आणि चढवणे. उतरणे आणि उतरवणे. आपल्याकडे क्रियापदच बदलते, कर्त्याला ‘ने’ लागतो, क्रियापद कर्त्याला सोडून बॅगेच्या मागे जाते. फ्रेंच क्रियापद तेच ठेवते आणि सहायक बदलते. पाचवीतल्या पोरालाही चढली आणि चढवली यांतला फरक ठाऊक असतो. मग अकरावीतल्या मुलाला तो अपवाद म्हणून का पाठ करायला लावायचा? (स्वतःच स्वतःवर क्रिया करणाऱ्या क्रियापदांचे प्रकरण मोठे आहे, ते इथे काढत नाही. तीही सगळी एत्र घेतात एवढेच सांगते.)

आता कर्मणीकडे येते. आव्ह्वार घेणाऱ्या क्रियापदांचे धातुसाधित कर्त्याप्रमाणे बदलत नाही. ‘एलाव्हे पार्ले’मध्ये ती बोलली म्हणून जादा ई लागत नाही. मात्र कर्म जर क्रियापदाच्या आधी आले, तर धातुसाधित त्या कर्माप्रमाणे बदलते. ‘मी चिठ्ठी पाठवली होती’ हे सरळ फ्रेंच वाक्य म्हणजे ‘झाव्हे आँव्ह्वाये ला लेत्र’, इथे चिठ्ठी क्रियापदाच्या नंतर आली, म्हणून काही बदल नाही. ‘मी पाठवलेली चिठ्ठी’, म्हणजे ‘ला लेत्र क झाव्हे आँव्ह्वाये’, इथे चिठ्ठी आधी आली, म्हणून शेवटी जादा ई. वर्गात या नियमापाशी हटकून सुस्कारे ऐकू येतात. पण मराठीत कर्म क्रियापदाच्या आधीच बसलेले असते आणि भूतकाळी क्रियापद त्याच्याच तालावर चालते: चिठ्ठी पाठवली होती, निरोप पाठवला होता, पत्र पाठवले होते. आपल्या मुलाला कर्माप्रमाणे क्रियापद बदलणे ही गोष्ट विचित्र वाटायचे कारण नाही. त्याने एवढेच पाहायचे, की फ्रेंच वाक्यात हे कर्म कुठे बसले आहे. आधी बसले असेल तर मराठीसारखे वागा, नंतर असेल तर नका वागू. एक सावधगिरी मात्र हवी. लिंग फ्रेंच शब्दाचे घ्यायचे, मराठीचे नाही. चिठ्ठी आणि ‘लेत्र’ दोन्ही स्त्रीलिंगी हा योगायोग आहे. आपले टेबल नपुंसकलिंगी, फ्रेंचांचे ‘ताब्ल’ स्त्रीलिंगी.

हा नियम आकाशातून पडलेला नाही हेही मुलांना सांगावे, म्हणजे त्याची भीती कमी होते. सोळाव्या शतकातला फ्रेंच कवी क्लेमाँ मारो याने 1538 मध्ये आपल्या शिष्यांना उद्देशून एक छोटी कविता रचली, तिच्यात इटालियन भाषेचा दाखला देऊन हा नियम सांगितला: जो शब्द पुढे चालतो तो मागून येणाऱ्यावर हुकूम चालवतो. नियम अजून टिकून आहे, पण त्याच्यावरचा वादही टिकून आहे. 2018 मध्ये बेल्जियममधल्या दोन माजी फ्रेंच शिक्षकांनी ‘लिबेरासियों’ या पॅरिसच्या दैनिकातून मागणी केली, की आव्ह्वारबरोबरचे धातुसाधित कधीच बदलू नये, मुलांचे तास त्यात वाया जातात. त्यावरून बराच गदारोळ झाला. माझे मत विचाराल तर नियम राहावा. कर्मणी प्रयोगावर वाढलेल्या माणसाला तो नियम आपल्या घरचा वाटतो.

इथपर्यंत मराठीचा फायदाच फायदा. पण ज्या जागी मराठी फसवते ती जागा दाखवली नाही, तर मी सांगते ते अर्धवट राहील. आणि ही जागा मी सगळ्यात महत्त्वाची मानते.

या पत्राच्या पहिल्याच वाक्यात मी ‘लेख आला होता’ असे लिहिले. त्यात लेखाच्या नंतरची दुसरी भूतकाळी घटना कोणती? कोणतीच नाही. मराठीत आपण असे बोलतो. ‘काल आम्ही नाटकाला गेलो होतो.’ ‘गेल्या मे महिन्यात मावशी आली होती.’ गोष्ट झाली, संपली, आता ती चालू नाही, एवढेच आपल्याला सांगायचे असते, त्यासाठी ‘होता’ पुरेसा. फ्रेंचला ते चालत नाही. माझे विद्यार्थी निबंधात हमखास लिहितात, ‘येर, झाव्हे रगार्दे अँ फिल्म’, म्हणजे काल मी सिनेमा पाहिला होता. फ्रेंच माणूस हे ऐकून पुढच्या वाक्याची वाट पाहतो, की बरे, आणि मग काय झाले? मग काहीच झालेले नसते. तिथे साधा पासे काँपोझे, म्हणजे नुसती झालेली गोष्ट सांगणारा काळ, हवा होता, ‘जे रगार्दे’. गंमत अशी की आपले लोक इंग्रजीतही ‘यस्टरडे आय हॅड गॉन’ म्हणतात, तेही याच सवयीने. म्हणजे इंग्रजीतून शिकवले तरी ही चूक टळत नाही, कारण आपले लोक ‘हॅड’ही मराठीच्या ‘होता’सारखाच वापरतात. उलट मराठीतून शिकवले तर चुकीच्या मुळाशी बोट ठेवता येते. वर्गात आमचा एक ठरलेला प्रश्न आहे: ‘कशाच्या आधी?’ ज्या मुलाला या प्रश्नाचे उत्तर देता येते त्याने प्ल्युस-क-पार्फे लिहावा. ‘मी स्टेशनवर पोचले तेव्हा लोकल सुटली होती.’ कशाच्या आधी? मी पोचण्याच्या. बरोबर. ‘काल मी सिनेमा पाहिला होता.’ कशाच्या आधी? मूल गप्प होते, आणि मग आपणच खोडून दुरुस्त करते.

याहून बारीक फसवणूक दुसरी आहे. ‘मी घरी आले तेव्हा तो झोपला होता.’ इथे ‘कशाच्या आधी’चे उत्तर देता येते, तरीसुद्धा ‘इलाव्हे दोर्मी’ चुकीचे. कारण त्याचा अर्थ त्याची झोप होऊन गेली होती, तो झोपून उठला होता. मराठी वाक्याचा अर्थ आहे तो त्या क्षणी झोपेत होता. तिथे फ्रेंच अँपार्फे घेते, ‘इल दोर्मे’. बसणे, उभे राहणे, झोपणे, कपडे घालणे या क्रियांचे मराठी पूर्ण भूतकाळी रूप बहुतेक वेळा क्रिया सांगत नाही, क्रियेनंतर टिकून राहिलेली अवस्था सांगते. ‘ती खुर्चीवर बसली होती’, ‘त्याने निळा शर्ट घातला होता’. शर्ट त्या क्षणी अंगावरच होता. फ्रेंचमध्ये इथे ‘इल पोर्ते’. तक्ता पाठ असलेला हुशारातला हुशार मुलगा इथे अडकतो, कारण तक्त्यात याचे उत्तर नाही आणि ‘हॅड स्पोकन’ छापलेल्या पुस्तकातही नाही. इंग्रजी माणूस मुळातच इथे ‘वॉज स्लीपिंग’ म्हणतो, त्यामुळे इंग्रजी वाचकासाठी लिहिलेल्या फ्रेंच पुस्तकाला ही अडचण असते हेच माहीत नाही. ती फक्त आपली आहे, म्हणून आपणच तिच्यावर लिहायला हवे.

तिसरी जागा ‘सि’ची, म्हणजे ‘जर’ची. ‘तू फोन केला असतास तर मी आले असते.’ मराठीत दोन्ही अंगांना ‘असता’ लागतो. फ्रेंचमध्ये ‘सि’च्या अंगाला प्ल्युस-क-पार्फे, ‘सि त्यू माव्हे तेलेफोने’, आणि दुसऱ्या अंगाला संकेतार्थाचे भूतकाळी रूप, ‘झ सरे व्हन्यू’. मराठीच्या सवयीने मुले दोन्हीकडे संकेतार्थ घालतात. तशी फ्रान्समधली मुलेही घालतात, म्हणून तिथल्या शाळांत एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, की ‘सि’ला ‘रे’ आवडत नाही. संकेतार्थी रूपांच्या शेवटी ‘रे’ ऐकू येते, ती ‘सि’च्या शेजारी बसवू नका, असा त्याचा अर्थ. ‘सि’ला तोडून एकटा ठेवला तर तो हळहळही सांगतो: ‘सि सलमाँ झाव्हे स्यू’, मला माहीत असते तर! निबंधात हे वाक्य योग्य जागी आले की मला पेपर तपासताना फार बरे वाटते.

मग माझे म्हणणे काय? वर्गात फ्रेंच जितकी जास्त बोलली जाईल तितके चांगले, याबद्दल दुमत नाही. तोंडी सराव फ्रेंचमध्येच व्हावा. पण व्याकरण समजावायला जेव्हा दुसरी भाषा घ्यावीच लागते, तेव्हा ती इंग्रजीच असली पाहिजे असे कुठल्याही शास्त्रात सांगितलेले नाही. ज्या वर्गात निम्म्याहून जास्त मुले घरी मराठी बोलतात तिथे शिक्षकाने खडूने फळ्यावर ‘पोचली होती’ लिहायला संकोच वाटून घेऊ नये. काही ठिकाणी परकीय भाषेच्या तासाला मराठी शब्द उच्चारला तर मुलांना टोकतात, हे मी जवळून पाहिले आहे. त्या मुलांचा एरवीचा आत्मविश्वासही मग जातो. शिकवणाऱ्यांपैकी ज्यांचे स्वतःचे मराठी व्याकरण सुटले असेल त्यांनी नववी-दहावीचे प्रयोगांचे धडे पुन्हा एकदा वाचावेत, संध्याकाळभराचे काम आहे. आणि मार्गदर्शके छापणाऱ्यांनी सहा ओळींना सहा वेळा ‘हॅड स्पोकन’ छापण्यापेक्षा तिथे मराठी रूपे छापावीत. बोललो होतो, बोलला होतास, बोलली होती, अशी वेगवेगळी रूपे डोळ्यांसमोर असली की जवळजवळ प्रत्येक रूपाला स्वतःचा माणूस मिळतो.

दुसरी विनंती प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना. ‘अमुक क्रियापद अमुक काळात चालवा’ हा प्रश्न पूर्ण काढून टाका असे मी म्हणत नाही, पाया म्हणून तो असावा. पण सगळे गुण त्यालाच दिले तर मुले तेवढेच करणार, आणि पुढे डेल्फसारख्या, फ्रेंच येते याचे प्रमाणपत्र देणाऱ्या परीक्षेत किंवा फ्रेंच माणसाशी प्रत्यक्ष बोलताना तोंडघशी पडणार. त्या परीक्षांत कोणी तक्ता विचारत नाही. एखादा प्रसंग देतात आणि त्यावर लिहायला सांगतात. तिथे कुठली घटना आधीची आणि कुठली नंतरची हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. शेजारी एखादा प्रश्न असा ठेवून पाहा:

‘मी घरी पोचले तेव्हा बाबा झोपले होते आणि दादाने सगळे आंबे संपवले होते.’ हे वाक्य फ्रेंचमध्ये लिहा. दोन्ही ‘होते’साठी कोणता काळ वापरलात आणि का, ते आपल्याला सोयीच्या भाषेत एकेका वाक्यात सांगा.

बाबांसाठी अँपार्फे, दादासाठी प्ल्युस-क-पार्फे. दोन गुण रूपांना आणि दोन कारणांना द्यावेत.

आपली,
फ्रेंचची एक शिक्षिका,
डोंबिवली (पूर्व)